जुनी इलेक्ट्रिक गिटार: शोधापासून सुरात लागेपर्यंतच्या नोंदी

४ जून

इलेक्ट्रिक गिटार घ्यायची आणि जुनीच घ्यायची, हे आज पक्कं केलं. अकूस्टिकवर चार वर्षं झाली. आता तार खेचून सूर चढवायचा आहे, आणि अकूस्टिकच्या जाड तारांवर तो मनासारखा चढत नाही.

पैशाचं एकच माप ठेवतो, म्हणजे नोंदी एकमेकींशी ताडून बघता येतील. समोर येईल त्या मॉडेलची आजची नवी गिटार म्हणजे १००. सगळं धरून ६० च्या वर जायचं नाही. त्यातले १५ आत्ताच दुरुस्तीसाठी बाजूला काढतो. म्हणजे गिटार विकणाऱ्याला द्यायला हातात उरले ४५.

घडण स्ट्रॅटची, म्हणजे फेंडर स्ट्रॅटोकास्टरची, हवी. लिओ फेंडरने १९५४ साली बाजारात आणलेल्या या रचनेत नेक (जिच्यावर तारा दाबायच्या ती लांब दांडी) बॉडीला स्क्रूंनी आवळलेली असते, आणि पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे भाग) नि बरीचशी वायरिंग पिकगार्डवर एकत्र बसवलेली असते. बिघडलेला जवळजवळ प्रत्येक भाग स्क्रूड्रायव्हरने सुटा होतो, आणि बाजारात सुटा मिळतोही. जुनी वस्तू घेणाऱ्याला यापेक्षा मोठा आधार नाही. नेकपाशी आणि मध्ये सिंगल कॉइल (एका गुंडाळीचा पिकअप), ब्रिजपाशी, म्हणजे तारा बॉडीवर टेकतात तिथे, हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) अशी जोडणी मिळाली तर उत्तमच.

फ्लॉइड रोझ ब्रिजच्या (दांडीने डोलवून सूर हलवता येतो अशा ब्रिजच्या) गिटारी यादीतून काढून टाकल्या. रचना हुशार आहे, पण ज्या धारेवर तो ब्रिज डोलतो ती झिजली असेल तर वरवर बघून कळत नाही आणि सूर जागेवर राहत नाही. पहिल्याच इलेक्ट्रिकला ही जोखीम नको.

११ जून

कुठलं दुखणं स्वस्त आणि कुठलं महाग, हे आधी ठरवून ठेवलं. विकणाऱ्याच्या घरी गिटार मांडीवर आली की डोकं चालेनासं होतं, निदान माझं तरी.

स्वस्त दुखणी: खरखरणारे नॉब (पॉटमध्ये, म्हणजे नॉबखालच्या फिरत्या रोधकात, कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा आणि वीस वेळा पुढे-मागे फिरवणं), सैल जॅक, गंजलेल्या तारा, ओरखडे, टवके, पिवळं पडलेलं प्लास्टिक, सुटलेलं सोल्डर. यातलं काहीही असलं तरी घाबरायचं नाही. उलट याच गोष्टी फोटोत वाईट दिसतात आणि भाव पाडतात.

महाग दुखणी: पिळवटलेली नेक, अडकलेला किंवा आटे गेलेला ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळी), तळापर्यंत झिजलेले फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या), हेडस्टॉकची (खुंट्या असतात त्या टोकाची) मोडतोड. यातलं एक जरी निघालं तरी किंमत कितीही कमी असो, उठायचं.

थोडक्यात पैसे नेकचे द्यायचे. बॉडीची चमक कितीही असली तरी तिच्यासाठी एक आकडाही वाढवायचा नाही.

१९ जून

पंधरा दिवस नुसत्या जाहिराती बघितल्या. फोन एकालाही केला नाही. प्रत्येक जाहिरात वहीत लिहिली: कधी आली, किती मागितले, कधी दिसेनाशी झाली. ७५ ते ९० मागणाऱ्या जाहिराती तशाच पडून आहेत, त्यातल्या दोन तर काढून पुन्हा टाकल्या. ४० ते ५५ मधल्या चांगल्या गिटारी तीन-चार दिवसांत गेल्या. म्हणजे बाजार कुठे आहे ते कळलं. लोक काय मागतात यावरून भाव कळत नाही, कुठल्या भावाला वस्तू हलते त्यावरून कळतो.

‘दोनदाच वाजवली आहे’ असं लिहिणाऱ्यांच्या फोटोंत पहिले तीन फ्रेट मोठे करून बघायची सवय लागली. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे असतील तर दोनदा हा आकडा खरा नाही.

२२ जून

एका स्क्वायरच्या (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) जाहिरातीत ‘२०१८ ची’ असं लिहिलं होतं. हेडस्टॉकच्या मागचा फोटो मागवला. नंबरची सुरुवात आयसीएस १२ अशी. आयसीएस म्हणजे इंडोनेशिया, कॉर्ट (गिटार बनवणारी कंपनी), स्क्वायर. पुढचे दोन आकडे सालाचे. म्हणजे गिटार २०१२ ची. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, “मी २०१८ ला घेतली, त्यांच्याकडूनच.” त्याने स्वतः जुनी घेतली होती आणि त्याला ठाऊकच नव्हतं. माणूस खोटा नव्हता. पण भाव २०१८ चा लावला होता आणि तो खाली यायला तयार नव्हता. सोडून दिली.

एक फोटो मागवला की अर्धी चौकशी घरबसल्या होते. यापुढे प्रत्येकाकडून चार फोटो मागायचे: हेडस्टॉकची मागची बाजू, नेक बॉडीला मिळते तो सांधा, पहिले पाच फ्रेट जवळून, आणि ब्रिज बाजूने.

२८ जून

पहिल्यांदा प्रत्यक्ष बघायला गेलो. लेस पॉलच्या (गिब्सनचं प्रसिद्ध मॉडेल) घडणीची, मागणी ४५. ठरवलेल्या प्रकारातली नव्हती, पण फोटो इतके सुंदर होते की पाय आपोआप वळले.

खिडकीशी नेऊन हेडस्टॉकची मागची बाजू उजेडात तिरकी धरली. नटच्या (नेकच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे, साधारण दोन बोटांवर, लाखेखाली केसाएवढी रेघ. त्यावरून नख आडवं फिरवलं. जाताना अडकलं नाही, येताना अडकलं. दुसऱ्या बाजूने पुन्हा बघितलं. रेघ अर्ध्या रुंदीपर्यंत गेलेली आणि तिच्या आजूबाजूचा रंग बाकी नेकपेक्षा किंचित जास्त चकचकीत.

ही या घडणीची ठरलेली कमजोर जागा. हेडस्टॉक मागे झुकलेली असते, मूळ रचनेत १७ अंशांनी. नेक आणि हेडस्टॉक एकाच लाकडातून कापलेली असल्यामुळे वळणावर लाकडाचे रेषे आखूड पडतात. वर तिथेच ट्रस रॉड आवळायच्या नटसाठी लाकूड कोरून काढलेलं. गिटार स्टँडसकट मागे पडली की भार नेमका तिथे येतो.

नीट चिकटवलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो, तेव्हा अशी गिटार टाकाऊ असं मी म्हणणार नाही. पण मोडलेली गिटार मोडलेल्या भावाने, सांगून विकायला हवी. रेघ दाखवली तेव्हा मालक म्हणाले, “ती रंगाची असेल.” मी वाद घातला नाही. चहूबाजूंनी पुसून गिटार परत त्यांच्या हातात दिली.

५ जुलै

दुसरी. स्ट्रॅटची घडण, रंग झकास, मागणी ४०. बॉडीच्या टोकाकडून बंदुकीचा नेम धरावा तसं एक डोळा मिटून नेकच्या दोन्ही कडा बघितल्या. पिळ नव्हता, पण नेक तारांच्या बाजूला चांगलीच वाकलेली.

थोडा वाक हवाच असतो. सहावी तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि बॉडीच्या सांध्यापाशी दुसऱ्या हाताने दाबायची, मग तीच तार पट्टीसारखी सरळ होते. सातव्या-आठव्या फ्रेटशी तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरची फट दिसली की झालं. पातळ कार्डाचा तुकडा अडकत-अडकत जाईल इतकी. इथे तीन कार्डं एकावर एक सहज गेली.

ट्रस रॉड आवळून हे सुधारतं, पण रॉडमध्ये फिरायला जागा उरली असेल तरच. मी विचारलं, “ॲलन की लावून थोडं फिरवून बघू का? तुमच्यासमोरच.” मालक म्हणाले, “आधीच शेवटपर्यंत टाईट केलाय, अजून फिरवू नका.” त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि त्या एका वाक्यात निर्णय झाला. रॉड संपलेला आणि वाक तसाच. आभार मानून निघालो. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या गिटारच्या रॉडला हात लावायचा नाही, हे मात्र कायम पाळायचं. रॉड तुटला तर नेक गेली.

१३ जुलै

आज जी बघितली तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

स्ट्रॅटची घडण, ब्रिजपाशी हंबकर, गडद फिंगरबोर्ड, २२ फ्रेट. मागणी ५०, सोबत बॅग आणि पट्टा. विकणारी मुलगी आता बेस वाजवते, बेससाठीच अँप घ्यायला पैसे हवेत म्हणाली. फोटोत गिटार मळकट दिसत होती, कदाचित म्हणूनच सहा दिवस कुणी नेली नव्हती.

सोबत माझी केबल, छोटा अँप, ट्यूनर, कार्ड, पट्टी आणि मल्टिमीटर नेला होता. नेम धरला: दोन्ही कडा समांतर. कार्ड: अडकत गेलं. परवानगी घेऊन रॉड अष्टमांश फेरा सैल केला, परत तेवढाच आवळला, लोण्यासारखा फिरला. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवला. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटवर वरच्या तीन तारांखाली खड्डे आहेत, तार खेचली की तिथे खरडल्यासारखं लागतं. पण फ्रेटची बाकी उंची भरपूर, घासून सारखे करता येतील. नेकच्या कडेवर हात वरपासून खालपर्यंत फिरवला, फ्रेटचं एकही टोक बोचलं नाही.

अँप लावला. नेककडचा पिकअप सुरेख. मधला ठीक. नॉब खरखरतात. सिलेक्टर (कुठला पिकअप वाजेल ते ठरवणारा खटका) ब्रिजकडच्या टोकाला नेला तर आवाज बंद. तिला विचारलं.

“तिकडे ती गप्पच असते, दादा. मला वाटलं, ती जागा बंद करायलाच असते.”

इथे मल्टिमीटर कामाला आला. गिटारमध्ये केबल लावायची, व्हॉल्यूम पूर्ण उघडायचा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला प्लगच्या टोकावर एक सळी, दांड्यावर दुसरी. गिटार न उघडता पिकअपचा रोध मोजता येतो. नेककडचा ५.९ किलोओहम, मधला ६.०. नेक आणि मधला एकत्र असलेल्या जागी २.९, कारण दोन पिकअप समांतर जोडले की रोध साधारण निम्मा होतो. मध आणि ब्रिजच्या एकत्र जागी मात्र पुन्हा ६.०, म्हणजे तिथे एकटा मधलाच बोलतोय. आणि ब्रिजच्या टोकाला मीटरवर नुसता १, म्हणजे मापाच्या पल्ल्याबाहेर. पल्ला वाढवल्यावर २४० च्या आसपास, जो पिकअपचा नसून व्हॉल्यूमच्या पॉटचा रोध आहे. हंबकरमधून वीज जातच नव्हती.

हे दोन कारणांनी होतं. कुठलं तरी सोल्डर सुटलं असेल तर काम फुकटात होतं. आतल्या गुंडाळीची तार तुटली असेल तर पिकअप गेला. ती तार जाडीला ०.०६ मिलिमीटरच्या आसपास, केसासारखी, आणि हंबकरच्या एकेका कॉइलला तिचे सुमारे पाच हजार वेढे. तुटलं टोक शोधून जोडणं माझ्या हातचं नाही, नवा हंबकर बसवावा लागतो. साधा घेतला तरी १२ जातील.

हे सगळं तिला सांगितलं, दोन्ही शक्यता. गप्प राहून ‘पिकअप मेलाय’ एवढंच म्हणालो असतो तर कदाचित ३५ ला मिळाली असती. पण मग ती गिटार वाजवताना प्रत्येक वेळी ते आठवलं असतं.

मी म्हटलं, “आत्ता ४० देतो. उघडल्यावर नुसतं सोल्डर निघालं, तर आणखी ४ पाठवीन. कॉइल गेलं असेल तर नवा पिकअप माझ्या अंगावर.”

तिने थोडा विचार केला. “आणि तुम्ही सांगितलंच नाही तर?”

“तर तुम्हाला कळणार नाही,” मी म्हणालो. खरं होतं तेच सांगितलं. तिने गिटार बॅगेत घालायला घेतली.

१४ जुलै

तारा काढल्या. पिकगार्डचे ११ स्क्रू एका वाटीत. पिकगार्ड उलटा केला तेव्हा आत धूळ, एक हरवलेला पिक आणि अतिशय स्वच्छ वायरिंग. बघूनच आशा वाटली.

हंबकरमधून चार रंगीत वायरी आणि एक उघडी वेणी निघते. दोन कॉइलच्या चार टोकांतली दोन एकमेकांना जोडायची असतात, तेव्हा कॉइल एकापाठोपाठ येऊन एक पिकअप बनतो. ती जोडणी काळ्या टेपमध्ये गुंडाळलेली होती. टेप चिकट होऊन ओघळलेला, चिमट्याने सोलावा लागला. आत दोन वायरी नुसत्या पीळ देऊन ठेवलेल्या. सोल्डरचा थेंबसुद्धा नाही. पीळ उलगडलेला आणि तांबं काळं पडलेलं. टोकं एकमेकांपासून कागदाएवढ्या अंतरावर.

मीटर लावला. पहिलं कॉइल ४.०. दुसरं ४.१. दोन्ही जिवंत. हातातला मीटर खाली ठेवून मी मिनिटभर नुसता बसलो.

टोकं घासून उजळ केली, पीळ दिला, सोल्डर, वर आकसणारी नळी. आता केबलमधून ब्रिजचा रोध ७.८, मध-ब्रिज एकत्र ३.४. रात्रीच तिला ४ पाठवले आणि त्या दोन वायरींचा फोटो.

१५ जुलै

अँपवर ऐकली. सिंगल कॉइलवर अँपची घुंई असतेच, तारांना हात लावला की कमी होते. लावल्यावर वाढली असती तर जोडणी उलटी समजायची. सिलेक्टर ब्रिजकडे नेला आणि घुंई जवळजवळ विरली. हंबकर हे नाव त्यावरूनच पडलं: दोन कॉइलचं गुंडाळणं आणि चुंबक एकमेकांच्या उलटे, त्यामुळे बाहेरून आलेली घुंई दोघांत मिळून खोडली जाते आणि तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. गिब्सनमधल्या सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून तो गिटारींवर बसू लागला. वाचलेलं होतं. कानांनी आज कळलं.

आवाज पोकळ येत नाही, म्हणजे कॉइल बरोबर जोडली गेली आहेत. कॉन्टॅक्ट क्लीनरने नॉबही शांत झाले.

१९ जुलै

गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे फ्रेटसाठी नेली. त्यांनी तारा न बघता आधी नेक बघितली, मला बरं वाटलं. सगळे फ्रेट एका पातळीत घासणं, मग प्रत्येकाचा माथा पुन्हा गोल करणं, मग चकाकी. खर्च ९. “अजून दोनदा असं घासता येईल, मग मात्र फ्रेट बदला,” म्हणाले.

हे काम स्वतः करायचा मोह झाला होता. आवरला. सोल्डर चुकलं तर पुन्हा करता येतं, घासलेला फ्रेट परत वाढत नाही.

२४ जुलै

गिटार घरी आली. नव्या तारा, जाडी ९ ते ४२ (इंचाचे हजारावे भाग). आजचं सगळं काम बैठकीचं.

तार बदलताना तिसऱ्या तारेच्या खुंटीला पीळ दिला की नटमधून ‘टिक’ असा आवाज यायचा आणि सूर एकदम उडी मारायचा. खाचेत तार अडकत होती. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं. ग्रॅफाइट चांगलं वंगण आहे. ‘टिक’ गेलं.

मग क्रम पाळला: आधी सुरात लावणं, मग रॉड, मग उंची, मग इंटोनेशन (नेकभर सूर खरे यावेत म्हणून तारांची लांबी जुळवणं). क्रम उलटा केला तर प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते. कारागिराने नेक जवळजवळ सरळ ठेवली होती, रॉड अगदी थोडा सैल केल्यावर कार्ड पुन्हा अडकत गेलं. सतराव्या फ्रेटपाशी तारेची उंची १.६ मिलिमीटर ठेवली.

इंटोनेशनला सगळ्यात जास्त वेळ गेला. या घडणीत नटपासून ब्रिजपर्यंतची लांबी ६४८ मिलिमीटर, बारावा फ्रेट बरोबर मध्यावर, ३२४ वर. कागदावर तिथे तार दाबली की नेमका एक सप्तक वरचा सूर मिळायला हवा. पण दाबताना तार किंचित ताणली जाते आणि सूर चढतो, म्हणून प्रत्येक तारेचा सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) थोडा मागे न्यावा लागतो. बाराव्यावर हार्मोनिक वाजवायचा (तार न दाबता नुसती स्पर्शून), मग तीच तार तिथेच दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरता आला तर पुढे, आणि दर वेळी तार नव्याने लावायची. पाचवी तार ९ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढी निघाली. सॅडलचा स्क्रू गंजलेला, तेलाचा थेंब टाकून दहा मिनिटं थांबलो तेव्हा हलला.

रात्री साडेअकराला सहाही तारा दोन सेंटच्या आत आल्या. 

२५ जुलै

सकाळी ट्यूनर लावला. तिसरी तार थोडी उतरलेली, बाकी पाच जागेवर.

हिशेब: विकत घेताना ४०, नंतर ४, तारा २, फ्रेट ९, क्लीनर आणि बाकी किरकोळ १. एकूण ५६. बॅग आणि पट्टा त्यातच.

सिलेक्टरच्या पाचही जागा एकेक करून वाजवल्या, सगळीकडे तीच चार मापांची ओळ, म्हणजे फरक कळावा. ब्रिजची जागा शेवटी ठेवली. रेकॉर्डिंग तिला पाठवलं. तासाभराने उत्तर आलं:

“तीन वर्षं माझ्याकडे होती आणि हा शेवटचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकतेय. थोडं लांब पाठवाल?”

संध्याकाळी पुन्हा केबल लावली आणि तीन मिनिटं वाजवलं, सगळं ब्रिजच्या हंबकरवर.